हलव्याचे दागिने, स्वहस्ते

पौडात आजही कुणाला विचारा, मुनीराला हलवा करायला कुणी शिकवलं, तर माझं नाव सांगतील. लीलाबाईंनी शिकवलं म्हणतील. बाजारात म्हणतील, आमच्या घरात म्हणतील, पार माले गावापर्यंत जाऊन विचारलंत तरी हेच ऐकाल. धादांत खोटं आहे. मला या वयातही धड एकतारी पाक जमत नाही. पण ते खोटं मी बोलले, मी पोसलं, तेव्हा आता निस्तरायचंही मलाच आहे. म्हणून सांगते.

मुनीरा म्हणजे गनीभाईंची बायको. गनीभाईंचं बांगड्यांचं दुकान कचेरीच्या वाटेवर, वर पत्रा आणि पुढं एक फळी एवढंच. ते दुकान सांभाळायचे आणि ही घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. उंच, सडसडीत, बोलणं हळू. बाईचा हात हातात घेतला की तिला सगळं कळायचं. ही काल काय दळत होती, हिला कितवा महिना, हिचा नवरा हात उगारतो का. कळायचं, पण या घरचं त्या घरी तिनं कधी नेलं नाही. गावात असं माणूस विरळा, आणि म्हणूनच त्याची कुणाला किंमत नव्हती.

तिचं माहेर पुण्याचं. आजोबांची बत्तासे-रेवड्यांची भट्टी होती, तिथं ती चालायला लागल्यापासून साखरेत हात घालत आलेली. लग्न होऊन पौडात आली तेव्हा माहेरची एकच वस्तू तिनं बरोबर आणली, पितळेची भली रुंद परात. दुकानामागच्या खोलीत शेगडी मांडून ती बत्तासे करायची. बहिरोबाच्या जत्रेतले बत्तासे तिचे, दर्ग्याच्या उरसातले तिचे, पाडव्याला गुढीला बांधायच्या साखरेच्या गाठी तिच्या. लोक म्हणायचे, गनीच्या दुकानातनं आणले. करणारणीचं नाव कुणी घेत नव्हतं.

आता माझं ऐका. माझे वडील खडकीला कारखान्यात कारकून, आम्ही राहायला कसब्यात. चोपन्न साली मला पौडच्या हैबतरावांच्या घरी दिली. माणसं शेतीभातीची, खाऊनपिऊन सुखी, पण शहरची सून आणली म्हणून भारी अप्रूप. लग्नात रुखवत मांडलं त्यात हलव्याचं तुळशीवृंदावन होतं, हलव्याचा हार होता, बाजूबंद होते. सगळं माझ्या आत्यानं केलेलं. आणि पुढं पुठ्ठा ठेवलेला, चुलतभावानं वळणदार अक्षरात लिहिलेला: ‘चि. सौ. कां. लीला हिने स्वहस्ते केले.’

अहो, तो पुठ्ठा प्रत्येक रुखवतात असतो. अर्धं रुखवत आळीतल्या बायकांनी केलेलं असतं, हे पुण्यात पोरासोरांना ठाऊक. पण माझ्या सासूबाईंना, रत्नाबाईंना, ठाऊक नव्हतं. त्या नुकत्याच प्रौढशिक्षणाच्या वर्गाला जाऊन अक्षरओळख शिकलेल्या. त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं, ‘स्व-ह-स्ते’ वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. पुठ्ठा त्यांनी घरी आणला आणि माजघरात आरशाखाली खिळ्याला अडकवला. भांग पाडायला उभी राहिले की तो माझ्याकडं बघायचा. त्याच वेळी हसून सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण सासू चारचौघांत कौतुक करते, ते कुणाला नको असतं?

पंचावन्नच्या श्रावणात मुलगा झाला. आजेसासऱ्यांचं नाव ठेवलं, बहिरू. सासूबाईंनी बारशालाच जाहीर केलं की संक्रांतीला नातवाचं बोरन्हाण करायचं, आणि सूनबाई स्वहस्ते हलव्याचे दागिने करणार. आमच्या घरात तोवर बोरन्हाणाची रीत नव्हती. ती माझ्या रुखवतापायी आली. लेकराला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने चढवायचे, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, बत्तासे ओतायचे, ते गल्लीतल्या पोरांनी लुटायचे. सासूबाईंनी माले, आंबोली, कुठं कुठं सांगावे धाडले. नव्वद बायका येणार होत्या. आणि मला हलव्याचा ह येत नव्हता.

करून पाहिलं की. सासूबाई शेतावर गेल्या की मागच्या पडवीत शेगडी पेटवायची. पहिल्या दिवशी तीळ करपले. दुसऱ्या दिवशी परातीत साखरेची अशी ढेप बसली की उलथन्यानं खरवडली. खरवडलेलं म्हशीला घातलं. निदान तिनं नावं ठेवली नाहीत. सासूबाई रोज विचारायच्या, झालं का गं, दाखव की जरा. मी म्हणायचे, हलव्याला दृष्ट लागते, झाल्यावर दाखवीन. बघा, एक थाप झाकायला दुसरी.

संक्रांत वीस-बावीस दिवसांवर आली तेव्हा मुनीरा मला बांगड्या भरायला आली. माझा हात हातात घेतला आणि थांबली. अंगठ्यावर फोड होता. तिनं हवेचा वास घेतला, पडवीकडं पाहिलं, आणि अगदी हळू विचारलं, “वहिनी, साखर करपली व्हय?”

मला रडूच फुटलं. रुखवतापासून सगळं ओकले मी तिच्यापुढं. ती बांगड्या भरत राहिली. शेवटची बांगडी चढवून म्हणाली की मी देते करून, यात रडायचं काय. मी विचारलं, तुला काय देऊ. साडी देते, दाणे देते, जे म्हणशील ते.

“मला काय नको. लेकराच्या अंगावर घातल्याव एकदा बगू द्या. आज्याकडं लई दागिने केले मी, टोपलीत भरून वाड्यावाड्यांत जायचे. अंगावर कसे दिसत्यात, ते कवाच बगितलं न्हाई.”

मी म्हटलं, हे काय मागणं झालं, पहिलं बोलावणं तुलाच. बहिरूच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं.

त्यानंतर एकदा बहिरूला कडेवर घेऊन तिच्याकडं पहाटे गेले होते. थंडी अशी की पाणी हाताला चावत होतं. हलव्याला अशीच थंडी लागते, नाहीतर काटा फुटत नाही. शेगडीत राखेखाली थोडेच निखारे, वर ती परात, परातीत मूठभर तीळ. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचे. उलथनं नाही, पळी नाही, नुसती बोटं. तापल्या पितळेवर. पाक सुकला की पुन्हा चमचा. असं रोज पहाटे, आठ-दहा दिवस, तेव्हा त्या तिळावर साखरेचे काटे उभे राहतात. तिच्या बोटांची टोकं भाजून लाल झालेली, दोन बोटांची साल निघालेली. मी पाहिलं आणि म्हटलं, भाजतं का गं. ती म्हणाली, सवय हाय. मी घरी येऊन अंगठ्याच्या फोडाला लोणी लावलं.

दागिने झाले ते काय सांगू. हार, बाजूबंद, कंबरपट्टा, डोक्याला मुकुट आणि हातात द्यायला एक बासरी. प्रत्येक दाणा पांढराशुभ्र, दोऱ्यात गाठ मारून बसवलेला, मधे मधे बेगड. आत्याचं काम याच्यापुढं पाणी भरतं. मी ते पदराखाली लपवून घरी आणले, आणि सासूबाईंनी पाहिल्याबरोबर माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या. माझ्यावरून.

बोलावणी करायचा दिवस आला. हळदीकुंकवाची कोयरी घेऊन मी आणि सासूबाई घरोघर निघालो. कचेरीच्या वाटेवर आलो तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, मुनीराला सांग, बांगड्या भरते बिचारी. लोक अशा गोष्टीत लगेच हिंदू-मुसलमान शोधतात, म्हणून सांगते, आमच्याकडं तसलं काही नव्हतं. बहिरोबाच्या पुढ्यात तिचेच बत्तासे जायचे. नाट लावला तो मी. मला वाटलं, ही येणार, दागिने बघणार, आणि कौतुकाच्या भरात हिच्या तोंडून निघून जाणार. मी सासूबाईंना म्हटलं, तिला मी सकाळीच सांगून आले. चला पुढं. आणि आम्ही तिच्या दारावरून गेलो. ती फळीवर बसून काकणं निवडत होती. कोयरी दिसली तेव्हा उठून उभी राहिली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी मान वळवली. ते उभं राहणं मला अजून दिसतं. मेलं, मरेस्तोवर दिसणार.

बोरन्हाणाच्या दिवशी माजघर फुलून गेलं होतं. बहिरूला पाटावर बसवलं, काळं झबलं, वर ते पांढरे दागिने. पोर काय गोजिरं दिसत होतं. बायकांनी नुसतं ‘अगं बाई, अगं बाई’ चालवलं होतं. दाराच्या उंबऱ्यापाशी लुटायला आलेल्या पोरांची झुंबड होती. आणि त्या पोरांत मुनीरा उभी. कडेवर तिची तीन वर्षांची सुरैया, हातात फडक्यानं झाकलेला वाडगा. तिला वाटलं असणार, गडबडीत सांगायचं राहिलं. मी वचन दिलं होतं ना, म्हणून आली. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती बहिरूकडं बघत होती, एकेक दागिना, वरपासून खालपर्यंत.

माझ्या सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई, रंभाबाई, मालेला असायच्या. सत्तरीच्या, जिभेला हाड नाही आणि नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी विचारलं, दागिने कुणी केले. सासूबाईंनी छाती फुगवून माझ्याकडं बोट केलं. रंभाबाई म्हणाल्या, तुला विचारत न्हाई, तिला विचारते. तू केलंस?

मुनीरा चार हातांवर उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं आणि म्हटलं, “हो. स्वहस्ते केले.”

तो शब्दसुद्धा वापरला मी. वापरायची गरज नव्हती.

रंभाबाईंनी मला तिळगूळ द्यायला हात पुढं केला, मी तळवा पसरला, आणि त्यांनी तिळगूळ ठेवायच्या ऐवजी माझी बोटंच धरली. उलटीसुलटी केली. अंगठ्यावरचा फोड तोवर बरा झाला होता. बोटं मऊ, गोरी, आंघोळीच्या साबणाची.

“धा दिस परातीत बोटं घातली, आन् एक चट्टा न्हाई?”

 सासूबाईंचं तोंड उतरलं. मला जमीन दुभंगावी असं झालं, पण जमीन मेली अशा वेळी कधी दुभंगत नाही. पाटावरचा बहिरू सगळे गप्प झालेले पाहून ओठ काढायला लागला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. मुनीराचा मोठा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

“आक्का, परात मी हालवली. लेकरू अंगाव पितंय, त्यास्नी निखाऱ्याजवळ कसं बसू द्यायचं? पाक कसा, काटा कसा, समदं वहिनींनी सांगितलं. बत्ताशाबिगर मला कुटं काय येत हुतं? म्या त्यांच्याकडनंच शिकले.”

आणि तिनं सुरैयाला खाली उतरवलं, वाडगा तिच्या हाती दिला आणि दोन्ही हात पुढं केले. भाजलेली बोटं नव्वद बायकांनी पाहिली. रंभाबाईंनी त्या बोटांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. त्यांना कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी माझी बोटं सोडली, तळव्यावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, गोड बोल बाई. सासूबाईंना पुन्हा रंग चढला. त्यांनी मुनीराला आत घेतलं, कुंकवाऐवजी अत्तर लावलं, आणि बहिरूच्या डोक्यावरून पहिला वाडगा तिच्या बत्ताशांचा ओतला. पोरं तुटून पडली.

झालं. त्या दिवसापासून मुनीरा माझी शिष्या ठरली. पुढच्या साली नव्या सुनांच्या पहिल्या सणाला मागणी येऊ लागली, आणि येणारी बाई आधी माझ्या दारात यायची. मी म्हणायचे, मुनीराकडं जा, मी तिच्यावर सोपवलंय. सोपवलंय! तोंड बघा माझं. आणि मुनीरा काय करायची, तर दर संक्रांतीला हलव्याचा पहिला घाणा वाडग्यात घालून माझ्याकडं पाठवायची. शिकवणारणीचा मान. सासूबाई तो वाडगा आधी देवापुढं ठेवायच्या, मग माझ्या हातात द्यायच्या.

खरं सांगते, मला तिचा राग यायचा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशातली गत. मला वाटायचं, ही मला डिवचते आहे. वर्षातून एकदा वाडगाभर काटे पाठवते. मी तो हलवा पोरांत वाटून टाकायचे. आपण एक दाणा तोंडात घातला नाही.

बासष्ट साली एकदा धीर केला. बांगड्या भरायला आली होती, घरात कुणी नव्हतं. मी म्हटलं, मुनीरा, मी सगळ्यांना खरं सांगणार आहे, तू माझ्यासाठी खोटं बोललीस ते मला सोसत नाही. तिनं माझा हात सोडला नाही.

“तुमच्यासाठी न्हाई बोलले, वहिनी. लेकरू पाटाव बसलं हुतं. त्याच्या डोक्यावनं गोड पडायचं हुतं, आन् वर कडू बोलणं चाललं हुतं. म्हून बोलले.” मग बांगडी चढवत म्हणाली, “मला दागिने बगायचे हुते. बगितले. माझं झालं.”

तिचं झालं होतं. माझं झालं नव्हतं, पण मी म्हटलं, तिचीच हरकत नाही तर आपण कशाला. केवढा सुटल्यासारखा श्वास घेतला मी त्या दिवशी. स्वतःची लाज वाटते ती त्या श्वासाची जास्त.

सदुसष्टच्या भादव्यात मुनीरा काविळीनं गेली. आठ दिवसांत गेली. मी भेटायला गेले तेव्हा ती बोलत नव्हती. हात चादरीवर होते. नखांपाशी बोटांची टोकं दगडासारखी टणक, आणि पिवळी. गनीभाई म्हणाले, तुमचं नाव लई काढायची. मी तशीच उठून घरी आले.

पुढच्या संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू होतं. घर भरलेलं. सुरैया तोवर पंधरा वर्षांची झाली होती, आईसारखीच उंच. ती दारातून आत आली, वाडगा घेऊन. पहिला घाणा. आईच्या मागं तिनं एकटीनं केलेला पहिलाच. बोटांवर ताजे फोड. वाडगा माझ्यापुढं ठेवला आणि सासूबाई कौतुकानं बायकांना सांगू लागल्या की सूनबाईनं विद्या दिली म्हणून त्या घरात ती टिकली, आता लेक चालवते.

 मी उठून उभी राहिले. माजघरातला तो पुठ्ठा खिळ्यावरून काढला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. रुखवत आत्यानं केलं होतं. बहिरूचे दागिने मुनीरानं केले होते, तिच्या विद्येनं, तिच्या हातानं. मी तिला काही शिकवलं नाही. मला येतच नाही, कधीच आलं नाही. मी खोटी आहे. तिला बोरन्हाणाला बोलावलंसुद्धा नव्हतं. एकेक वाक्य करत सगळं बोलले.

 मग सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“बगा गं बायांनो,” त्या म्हणाल्या, “मेलेल्या मान्साला मोठेपना द्यायचा, तर सोताच्या वाटचा बी देऊन टाकला. ह्याला मन लागतंय.”

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी नाक ओढलं. मी ओरडून म्हटलं, नाही हो, खरं सांगते, बहिरूची शपथ. तशा त्या जास्तच गहिवरल्या. ज्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही त्या रंभाबाई दोन वर्षांमागं गेल्या होत्या. मी सुरैयाकडं वळले. म्हटलं, तुला तरी ठाऊक असेल, आईनं सांगितलं असेल की.

सुरैया माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत पाणी होतं.

“सांगितलंय की, मामी. अम्मी म्हनायची, लीलामामी आपलं नाव कधी पुढं करायच्या न्हाईत. पन तू इसरू नको. परातीला हात लावायच्या आदी त्यांचं नाव घ्यायचं.”

आणि ती वाकली आणि भाजलेल्या बोटांनी माझ्या पायाला हात लावला. मी पाय मागं घेतले. बायकांना तेही आवडलं.